कौलं चढवायला थेट ट्रान्सिल्व्हेनियात

आधीच सांगते, ड्रॅक्युलाचा किल्ला मी बघितलेला नाही त्यामुळे त्याबद्दल विचारू नका. रोमेनियात गेले होते ते एका गावातल्या जुन्या चर्चची कौलं उतरवायला आणि परत चढवायला. तिकीट स्वतःच्या पैशाने, रजा स्वतःची, पगार शून्य. आईला हे सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली ते पुढे येईलच.

हे सगळं सुरू झालं ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यामुळे. मी न्युरेंबर्गला राहते, आणि या भागात सीबेनब्युर्गन म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातून आलेले जर्मन लोक भरपूर आहेत. हा त्यातलाच, १९९० साली आईबाबांचं बोट धरून आलेला. यांना सॅक्सन म्हणतात पण सॅक्सनीशी त्यांचा तसा काही संबंध नाही. बाराव्या शतकाच्या मध्यावर हंगेरीचा राजा गेझा दुसरा याने ऱ्हाइन, मोझेल, लक्झेंबर्ग या बाजूच्या लोकांना सरहद्दीवर वस्ती करायला बोलावलं त्यांचे हे वंशज, आणि घरात अजूनही लक्झेंबर्गच्या बोलीशी मिळतंजुळतं काहीतरी बोलतात जे मला जर्मन येत असूनही कळत नाही. तर याने एकदा जेवताना मोबाईलवर एक फोटो दाखवला, मधोमध चर्च, भोवती किल्ल्यासारखी तटबंदी, आणि छताला म्हशीएवढं भोक. म्हणाला हे आमचं गाव. मी म्हटलं, आमच्याकडे राजापूरला आत्याच्या घराचं पण असंच झालंय. तिथून विषय निघाला तो 'अँब्युलन्स फॉर मॉन्युमेंट्स'पर्यंत गेला, आणि मी फॉर्म भरून मोकळी झाले.

ही अँब्युलन्स म्हणजे खरोखर एक गाडी आहे, अवजारांनी भरलेली. २०१६ मध्ये युजेन वायदा नावाच्या आर्किटेक्टने दक्षिण ट्रान्सिल्व्हेनियात हे सुरू केलं, नंतर ते रोमेनियाच्या इतर भागांतही पसरलं आणि २०२० मध्ये युरोपा नोस्ट्रा या वारसा जपणाऱ्या युरोपीय संस्थेचा पुरस्कारही मिळाला. कल्पना एकदम सरळ. साहित्य देणगीतून, राहण्याजेवणाची सोय गावाने करायची, हात व्हॉलंटियर्सचे आणि डोकं कारागिरांचं. जिथे संपूर्ण जीर्णोद्धाराला कोटी लागतील आणि ते यायला पंधरा वर्षं, तिथे मधल्या काळात इमारत पडू नये एवढंच बघायचं. म्हणजे फर्स्ट एड. पेशंट जिवंत ठेवायचा, ऑपरेशन नंतर कोणीतरी करेल.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. अशा बंद चर्चमधून चोऱ्या होतात, उगाच कशाला. हर्तिबाचू नदीच्या खोऱ्यात आहे एवढं पुरे.

शनिवार

म्युनिकहून सिबिउला थेट फ्लाइट आहे. २०२५ पासून रोमेनिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आलाय, त्यामुळे जर्मनीच्या रेसिडन्स कार्डवर फिरणाऱ्या आपल्या लोकांना व्हिसाची कटकट नाही. घड्याळ मात्र एक तास पुढे करा.

सिबिउमध्ये दोनतीन तास हातात होते. मोठा चौक, ब्रुकेन्थाल म्युझियम (१८१७ पासून लोकांसाठी उघडं आहे, आतून बघायला वेळ नव्हता) आणि ती प्रसिद्ध डोळेवाली घरं. उतरत्या कौलारू छतात हवेसाठी पापणीसारख्या खिडक्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक घर आपल्याकडे अर्धवट डोळे मिटून बघतंय असं वाटतं. फोटोत गंमत वाटते, प्रत्यक्षात चार घरांनंतर थोडं अवघडल्यासारखं होतं.

तिथून व्हॅनने निघालो. रस्त्याला समांतर छोट्या रेल्वेचे रूळ दिसत होते, ती सिबिउ-अग्निता नॅरोगेज, २००१ मध्ये बंद पडलेली. त्यातला कोर्नेत्सेल ते होस्मानचा तुकडा काही हौशी लोकांनी झाडंझुडपं तोडून परत चालू केलाय आणि अधूनमधून त्यावर गाडी सोडतात. म्हणजे या खोऱ्यात फुकट काम करण्याची साथच आहे म्हणायची. पुढे नोक्रिख लागलं, सिबिउचं म्युझियम ज्याच्या नावाचं आहे तो सॅम्युएल फॉन ब्रुकेन्थाल याच गावात १७२१ ला जन्मला.

गावात पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि गाई चरून परत येत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, मध्ये रुंद मोकळी जागा, आणि प्रत्येक गाय आपापल्या दारासमोर थांबून दार उघडायची वाट बघत उभी. कोणी हाकत नव्हतं. विजेच्या खांबावर करकोच्यांची घरटी. मी बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिले तर मागून एक घोडागाडीवाला ओरडला, बहुतेक बाजूला हो असं.

राहायची सोय पाद्रीबाबांच्या जुन्या घरात, म्हणजे पाद्री आता नाहीतच. खाटा, स्लीपिंग बॅग, एक बाथरूम आणि त्यासमोर रांग. आर्किटेक्चरचे विद्यार्थी जास्त, बहुतेक बुखारेस्ट आणि क्लुजचे, दोन फ्रेंच मुली, एक रिटायर्ड जर्मन इंजिनिअर आणि मी. भारतातून कोणी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि मी सॉफ्टवेअरवाली असल्याने टीम लीडर मुलीने माझ्याकडे थोडं काळजीने बघितलं. मी तिला सांगितलं की आमच्याकडे दरवर्षी मे महिन्यात पावसाआधी छतं शाकारतात, लहानपणी मी कौलं पास केलेली आहेत. तिची काळजी गेली नाही.

रविवार

आज काम नव्हतं, फक्त ओळख. चर्चची किल्ली समोरच्या घरातल्या आजींकडे. या खोऱ्यात हेच चालतं, दारावर घर नंबर लिहिलेला असतो, तिथे जाऊन किल्ली मागायची. किल्ली हातभर लांब आणि वजनदार. आजी ऐंशीच्या पुढच्या, डोक्याला रुमाल, आणि या गावातल्या शेवटच्या काही सॅक्सनांपैकी एक. रोज दुपारी बारा वाजता त्या स्वतः जाऊन घंटा वाजवतात. प्रार्थना वर्षातून एखाद-दोनदा होते, पाद्री बाहेरगावाहून येतो, पण घंटा रोज.

आत गेलो. मला वाटलं होतं भग्न वगैरे असेल. तर बाकं जागच्या जागी, सज्जाला फुलापानांची रंगीत चित्रं, भिंतीवर जाड गॉथिक अक्षरात बायबलची वचनं, ऑर्गन धूळ खात पण उभा. फक्त एका कोपऱ्यात वरून पाणी उतरलेलं, भिंत हिरवी, आणि खालचं बाक कुजून भुसा झालेलं. मधल्या बाकांना पाठ नाहीये. ती म्हणे बायकांची, पोशाखाच्या मागच्या रिबिनी चुरगळू नयेत म्हणून पाठ ठेवली नाही असं सांगतात. तासभर प्रवचन बिनपाठीच्या बाकावर ऐकायचं, रिबिनीसाठी! पुरुषांच्या बाकांना पाठ आहे हे सांगायला नको.

तटबंदी का, तर १२४१ मध्ये मंगोल आले, आणि पुढे पंधराव्या सोळाव्या शतकात तुर्कांच्या स्वाऱ्या. शहरांना कोट होते, खेड्यांना कोण देणार, म्हणून प्रत्येक गावाने आपल्या चर्चलाच कोट घातला आणि वेळ आली की गुराढोरांसकट आत. धान्य कायमच आत ठेवलेलं असायचं, प्रत्येक घराची वेगळी पेटी. डुकराच्या चरबीच्या लाद्यासुद्धा एका बुरुजात टांगलेल्या, त्याला बेकन टॉवर म्हणतात, काही गावांत तो अगदी अलीकडेपर्यंत वापरात होता असं लोक सांगतात. अशी तटबंदीची दीडशेच्या वर चर्च अजून उभी आहेत, त्यातली सहासात युनेस्कोच्या यादीत आहेत आणि तिथे बसेस येतात. बाकीच्यांकडे आजींसारखं कोणी असलं तर किल्ली मिळते.

मग एवढे लोक गेले कुठे? तर आधी जानेवारी १९४५ मध्ये रोमेनियातल्या सत्तर हजारांच्या आसपास जर्मनांना सोव्हिएत युनियनमध्ये मजुरीसाठी उचलून नेलं, सतरा अठरा वर्षांच्या पोरीसुद्धा. त्यातले बरेच परत आलेच नाहीत. मग रोमेनियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळात पश्चिम जर्मनी डोई अमुक मार्क असे पैसे मोजून यांना सोडवून नेत होती, खरंच, माणशी रेट ठरलेला होता, शिकलेल्याचा जास्त. दोन लाखांच्या वर माणसं अशी गेली. आणि १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कू पडला, बॉर्डर उघडली, तर १९९० या एका वर्षात लाखावर माणसं निघून गेली. आठशे वर्षं तुर्क मंगोल सगळ्यांना पुरून उरलेली गावं एका उन्हाळ्यात रिकामी. गंमत म्हणजे उरलेल्या मूठभरांतलाच एक, सिबिउचा महापौर क्लाउस योहानिस, २०१४ मध्ये अख्ख्या रोमेनियाचा प्रेसिडेंट झाला.

आजींना विचारलं तुम्ही का नाही गेलात. म्हणाल्या, गाय होती. एवढंच. पुढे काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सोमवार

सकाळी सात वाजता हेल्मेट, हार्नेस, ग्लोव्हज. पहिलं काम छतावर नव्हतंच, माळ्यावर होतं. चर्चच्या कमानीदार छताच्या वर आणि कौलांच्या खाली जी पोकळी असते तिथे गेल्या तीस वर्षांची कबुतरांची विष्ठा साचलेली. गुडघाभर म्हणणार नाही पण घोट्याच्या वर निश्चित. ती नुसती घाण नाही, वजन आहे, आणि पाणी धरून ठेवते त्यामुळे खालची कमान कायम ओली राहते. मास्क लावून फावड्याने भरायची, बादलीत घालायची, दोरीने खाली सोडायची. दिवसभर हेच. मध्ये एका अंधाऱ्या कोपऱ्यात वटवाघळं लटकलेली दिसली तर टीम लीडर म्हणाली तो कोपरा सोडायचा, त्यांना हात लावायचा नाही, कायद्याने संरक्षित आहेत. कबुतरांना कायदा नाही.

रात्री जेवायला मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट उकडलेलं, वर चीज आणि सावर क्रीम. गावातल्या बायका आळीपाळीने जेवण करत होत्या. मी मांस खात नाही हे कळल्यावर एका बाईंनी कपाळाला हात लावला, मग एकदम त्यांचा चेहरा उजळला आणि म्हणाल्या, "आ, दे पोस्त!" म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास असतात त्यात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात बिनमांसाचे पंधरा पदार्थ बनतात. तिथून पुढे माझी चंगळ. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची झाकुस्का नावाची चटणी, घेवड्याचं पिठलंवजा काहीतरी, बटाटे.

मंगळवार

आज कौलं. इथली कौलं मंगलोरीसारखी खाचेची नसतात, चपटी, खाली गोल जिभेसारखी, मागे एक नाक असतं ते रिपेला अडकतं. दुहेरी रचतात, म्हणजे छतावर कुठेही बोट ठेवलंत तर खाली दोन तरी कौलं असतात. त्यामुळे वजन प्रचंड आणि उतारही चांगलाच उभा. आम्ही शिडीपासून खालच्या गवतापर्यंत साखळी केली आणि एकेक कौल हातोहात खाली. खाली आलं की ब्रशने शेवाळं काढायचं आणि बोटाच्या पेराने टकटक करायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर आहे, बाजूला. बाजारात मडकं घेताना आपण करतो तसंच, त्यामुळे मला हे कोणी शिकवावं लागलं नाही आणि दुपारपर्यंत मी तपासनीस झाले होते. जर्मन इंजिनिअरकाका प्रत्येक कौल दोनदा वाजवायचे.

हाताने पाडलेली कौलं आहेत ती. कित्येकांवर ओल्या मातीत बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत, पाणी मधून वाहावं म्हणून. एकावर साल खरवडलेलं, १७९४. एकावर कुत्र्याचा पाय उमटलेला, वाळत घातलेल्या कौलावरून चालत गेला असणार. ते कुत्र्याचं कौल सगळ्यांना हवं होतं पण ते वाजवून बघितलं तर खणखणीत, म्हणजे परत छतावरच जाणार. कमी पडतील ती नवी कौलं तशाच हातच्या बनावटीची लागतात, याच भागात आपोश नावाच्या गावात जुन्या पद्धतीने कौलं-विटा पाडून लाकडावर भाजणारी भट्टी परत सुरू केलेली आहे.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. पालथ्या हाताने कपाळ पुसत बोलत होते तर तिने पहिलं विचारलं तोंड काळं का झालंय. मग सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अगो, इथे घर शाकारायला माणूस मिळत नाही, मिळाला तर दिवसाचे हजार मागतो, वर चहा दोनदा. आणि तू तिथे परक्यांच्या देवळावर फुकट चढलीस?" मी म्हटलं देऊळ नाही चर्च. म्हणाली, "तेच ते." मग विचारलं, "माकडं आहेत का तिथे?" नाहीत म्हटल्यावर तिला फारच हेवा वाटला, कारण आमच्याकडे निम्मी कौलं वानरांनी फोडलेली असतात आणि शेवटी बाबांनी मागच्या पडवीवर पत्रे घातले. मग कौलं कशी वाजवायची, रिपा कुठल्या लाकडाच्या, वळचणीला काय करतात हे सगळं तिने अर्धा तास विचारून घेतलं. फ्रेंच मुलींना वाटलं भांडण चाललंय.

बुधवार

पाऊस. रात्रीच ताडपत्री घातली होती म्हणून बरं. ओल्या छतावर चढायची परवानगी नाही, त्यामुळे अर्धे लोक आत रिपा तासत बसले आणि आम्ही काहीजण व्हॅनने बिएर्तानला. ते युनेस्कोवालं, १९९३ पासून यादीत. टेकडीवर चर्च, भोवती तटाच्या तीन रांगा, १५७२ पासून १८६७ पर्यंत इथल्या लुथरन बिशपची गादी इथेच होती. चर्चच्या आतल्या एका खोलीच्या दाराचं कुलूप बघण्यासारखं आहे, एक किल्ली फिरवली की चारी बाजूंनी डझनावर अडसर एकदम बाहेर येतात, १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नेऊन दाखवलेलं. आणि गाईडची आवडती जागा म्हणजे तटातली ती छोटी खोली जिथे घटस्फोट मागणाऱ्या नवराबायकोला एक पलंग, एक ताट, एक चमचा देऊन कोंडायचे. तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला म्हणे. सगळे हसले. मला प्रश्न पडला की त्या खोलीतून बाहेर पडण्यासाठी माणूस कशालाही हो म्हणेल, त्याला समेट म्हणायचं का. असो.

बिएर्तान सुंदरच आहे, पण मला आमचं ते बिननावाचं जास्त आवडलं, कदाचित त्याची कौलं मी वाजवलेली म्हणून.

परतताना गाडीत टीम लीडर सांगत होती की लोकांना वाटतं असल्या इमारती भूकंपाने पडतात किंवा युद्धाने. २०१६ च्या फेब्रुवारीत रोअदेश आणि रोत्बाव या दोन गावांतल्या चर्चचे मनोरे थोड्याच दिवसांच्या अंतराने कोसळले, ना भूकंप ना युद्ध. ती म्हणते इमारतीला मारतं ते पाणी, आणि सुरुवात बहुतेक वेळा घसरलेल्या एका कौलापासून होते. एक कौल घसरलं की रीप भिजते, रीप गेली की वीस कौलं खाली, मग वासा, मग वाशाचा पाय जिथे भिंतीवर टेकतो ते लाकूड, मग भिंत. पूर्वी गावात शेजार-मंडळं होती, दहावीस घरांचं एक, त्याचा एक म्होरक्या, घर बांधायचं असो की मयत, सगळे एकत्र. चर्चच्या छतावर कोण कधी चढणार हेही तिथेच ठरायचं. ते मंडळच जर्मनीला गेलं तर घसरलेलं कौल सरकवणार कोण? मला आमच्या वाडीतली कुलूप लावलेली घरं एकामागोमाग आठवली. कोणाचं आधी छत गेलं, कोणाचं नंतर, मी क्रमाने सांगू शकते.

गुरुवार

ऊन पडलं. सुतारकाका आले, कुजलेल्या वाशांचे पाय कापायला. अख्खा वासा बदलत नाहीत, कुजलेला भाग तेवढा कापून नवीन लाकडाचा तुकडा तिरप्या जोडाने बसवतात आणि ओकच्या खुंट्या ठोकतात, खिळा एकही नाही. त्यांना इंग्रजी नाही मला रोमेनियन नाही, त्यामुळे आमचा संवाद म्हणजे त्यांनी हात पुढे केला की मी खुंटी द्यायची. रोमा (म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणायचे त्या) समाजातले दोघे कौलकरी त्यांच्याबरोबर होते, पायात साधे बूट आणि उभ्या उतारावर अशी चाल की आमच्या हार्नेसची लाज वाटावी (त्यांनाही घालायला लावला, कुरकुरत घातला). गावात आता बहुसंख्य वस्ती रोमेनियन आणि रोमा लोकांचीच आहे. त्यांचं चर्च वेगळं, हे त्यांचं कधीच नव्हतं. एकाला विद्यार्थ्याकरवी विचारलं की मग हे काम करताना काय वाटतं, तर त्याने सरळ सांगितलं की त्याचे आजोबा याच छतावर चढायचे, सॅक्सन मालक, मजूर आम्ही, छत कसं चढायचं ते आम्हालाच माहीत. त्या आठशे वर्षांच्या इतिहासात हा भाग कुठल्या बोर्डावर लिहिलेला मला दिसला नाही.

दुपारी खाली चुन्याचं काम. कम्युनिस्ट काळात कोणीतरी भिंतीच्या खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा केलेला, मजबुती म्हणून. झालं उलटंच, जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून ती बाहेर पडून वाळते, सिमेंटने तोंड बंद केलं की ती आतल्या आत वर वर चढत जाते. छिन्नी हातोडीने तो सगळा काढला, मागून दगड अक्षरशः घामेजलेले निघाले. नवा गिलावा आत्ता करायचा नाही, भिंत आधी काही महिने वाळू द्यायची. फ्रेंच मुलींना हे पटत नव्हतं, एवढं काम करून भिंत आधीपेक्षा वाईट दिसत होती! मी त्यांना आपल्याकडच्या वाड्यांच्या चुन्याबद्दल सांगितलं, घाण्याला बैल जुंपून मळलेला, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, उडदाचं पीठ. गूळ म्हणजे काय हे समजावण्यात जेवणाची सुट्टी संपली.

शुक्रवार

चढवणं उतरवण्यापेक्षा कठीण. खालून वर जायचं, ओळ सरळ, प्रत्येक कौलाचा सांधा खालच्या कौलाच्या मध्यावर. दिवसभरात जास्त काही लिहिण्यासारखं घडलं नाही, कौल, कौल, कौल. खांदे गेले. कुत्र्याचं कौल सुतारकाकांनी वळचणीच्या जवळ, खालून दिसेल अशा ठिकाणी लावलं.

शनिवार

आज गावात जर्मन नंबरप्लेटच्या गाड्या आल्या. उन्हाळ्यात हे लोक येतात, इकडे त्यांना समर-सॅक्सन असंच म्हणतात, आजोबांचं घर असेल तर तीन-चार आठवडे राहतात, भिंतीला रंग देतात, स्मशानातलं गवत काढतात आणि सप्टेंबरला परत. गणपतीला येणारे आमचे चाकरमानी आणि हे यांच्यात फरक करायचाच तर मोदकांचा. जर्मनीत प्रत्येक गावाचं मंडळ आहे, वर्गणी काढतात, पेंटेकॉस्टच्या सणाला डिंकेल्सब्यूलमध्ये पोशाख घालून मोठा मेळावा भरतो, माझ्या घरापासून तो फार लांब नाही. आमच्या छताच्या लाकडाचे काही पैसे तशाच एका मंडळाने दिलेले.

एक जोडपं चर्चमध्ये आलं, काका थेट एका बाकाजवळ जाऊन उभे राहिले आणि लाकडावर कोरलेली अक्षरं शोधून काढली, त्यांनीच बारा वर्षांचे असताना प्रवचन चालू असताना कोरलेली. काकू मात्र बाहेर येऊन भिंतीकडे बघून चिडल्या, गिलावा का काढला, किती भकास दिसतंय, आमच्या वेळी असं नव्हतं. टीम लीडरने शांतपणे ओलीचं सगळं समजावलं. त्यांना पटलं नाही. हेही मला फार ओळखीचं वाटलं, मुंबईहून येऊन देवळाच्या रंगावरून वाद घालणारे आमच्याकडे थोडे आहेत का? काका मात्र शर्टाच्या बाह्या वर करून साखळीत उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. आजींना त्यांनी ओळखलं, आजींनी त्यांना आधी ओळखलं नाही, मग त्यांच्या वडिलांचं नाव सांगितल्यावर एकदम बोलीत बोलायला लागल्या आणि आम्ही बाकीचे जर्मन येणारे-न येणारे सगळे सारखेच अडाणी झालो.

संध्याकाळी आढ्याची कौलं चुन्यात बसवून दक्षिण बाजू पुरी झाली. उत्तरेच्या उताराला फक्त ताडपत्री आणि ठिगळं, ते काम पुढच्या तुकडीचं. त्यांनाही कबुतरं आहेतच.

रविवार, आणि जाणार असाल तर

पहाटेच निघालो त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. बऱ्याच जणांनी फोटो बघून विचारलं म्हणून जरा कामाचं लिहिते. कसलं शिक्षण लागत नाही, उंचीची भीती नसेल तर छतावर, असेल तर खाली कौलं वाजवायला माणसं लागतातच. मोहिमा उन्हाळ्याच्या महिन्यांत जास्त असतात. बूट घोट्याच्या वरचे घ्या, ग्लोव्हजच्या दोन जोड्या, आणि स्वतःचा चांगला मास्क. संध्याकाळी पालिंका नावाची फळांची दारू पुढे येईल, ती पाण्यासारखी दिसते म्हणून पाण्यासारखी पिऊ नका. मेंढपाळांचे कुत्रे फार तिखट असतात, गावाबाहेर एकटं भटकायचं नाही. चहा आपला आपण न्या, तिथे चहा मागितला की जडीबुटीचं पाणी मिळतं. आणि गूळ नेलात तर थोडा जास्त न्या, मी समजावून सांगितलं खरं पण कोणाला पटलेलं दिसलं नाही.